पिल्लाचं खापर कुणाच्या माथी?

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्याच्या बॅचने वजनात मार खाल्ला. पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीने ग्रोइंग चार्ज, म्हणजे पिल्लं वाढवून देण्याचा मोबदला, कापला आणि वर शेरा मारला, 'व्यवस्थापन ढिसाळ'. त्या पिल्लांच्या आया काय खात होत्या, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नाही.

कोंबड्यांच्या औषधपाण्यात हयात गेली, म्हणून हा मागोवा. सत्तर-ऐंशीची दशकं संकरित जातींची, पिंजऱ्यांची आणि कर्जमेळाव्यांची. त्यांत रमण्यासारखं फार नाही. डोळे उघडले ते नव्वदच्या दशकात. तेव्हा मी ब्रीडर, म्हणजे उबवणीच्या अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, फार्मांवर फिरत असे. पावसाळ्यात बुरसटलेली शेंगदाणा पेंड स्वस्तात मिळे. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन आधी कोंबडीचं यकृत पोखरी, मग थोडंफार अंड्यातही उतरे. एका फार्मवर तर तांबूस अंडी दोन दिवसांत पांढुरकी पडली. ब्रॉयलरला रक्ती हगवणीसाठी देतात ते निकार्बाझिन ब्रीडरच्या खाद्यात मिसळलं गेलं होतं. हॅचरीत उबवण कोसळली. खाद्यवाला मात्र छातीठोकपणे म्हणाला, "तुमचे नरच म्हातारे झालेत." खाद्य बदललं आणि कवचाचा रंग परतला, नर तेच होते!

१९९९मध्ये बेल्जियमला हाच धडा मोठ्या किमतीत मिळाला. जानेवारीत पशुखाद्याच्या चरबीत पीसीबी आणि डायॉक्सिन असलेलं तेल मिसळलं. पहिली ओरड ब्रीडरवाल्यांची: उबवण घसरली, निघालेली पिल्लं वाढेनात, काहींच्या अंगात पाणी साठलं. लोकांना हे कळायला मे महिना संपत आला. दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले, जूनच्या निवडणुकीत सत्ताधारी हरले.

कारण साधं आहे. डायॉक्सिनसारखी विषं चरबीत मुरतात, तिथून बलकात जातात. अंडं फुटण्याआधी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि पहिले काही दिवस त्याची शिदोरी तीच. शेडमध्ये पाऊल टाकण्याआधीच वाढीला खीळ बसलेली असू शकते.

नव्वदच्या दशकात निदान हॅचरीवाला ओळखीचा असे, फार्मवर जाऊन पोतं उघडता येई, तोंडावर भांडता येई. आता ब्रीडर, हॅचरी, खाद्य सगळं एकाच कंपनीचं, आणि दोष तेवढा शेतकऱ्याचा. पोल्ट्रीवाल्यांनो, पिल्लं उतरवून घेताना ब्रीडरच्या खाद्याचा आणि औषधांचा लेखी दाखला मागा. तो नसेल, तर कपातीच्या कागदावर सही करू नका.