मुशीची बेंबी

साडेनऊच्या सुमारास काकांच्या रॉडचं टोक दोनदा दबलं आणि तिसऱ्यांदा खाली गेलं ते खालीच राहिलं. शिंगाळ्याची धडपड वेगळी असते. इथे एकसारखी जड ओढ होती आणि मधूनच डोकं झटकल्याचा हिसका दोऱ्यातून वर येत होता. "मुशी हाय," काका म्हणाले. मासा अजून पाण्याखालीच होता.

उरणजवळच्या करंजाच्या धक्क्यावर आम्ही दोघं आठ वाजल्यापासून बसलो होतो. तुळशीची लग्नं आदल्या संध्याकाळी लागली होती आणि आज कार्तिक शुद्ध त्रयोदशी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोळ्या-आगऱ्यांचा जुना हिशोब. तेराची पाऊणपट पावणेदहा. माझ्या मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं कोष्टक आहे, तरी मी आधी काकांकडे बघतो. ते बोटांच्या पेरांवर मोजतात आणि पाच-दहा मिनिटांच्या फरकाने बरोबर येतात.

काका अंबरनाथचे, मी बदलापूरचा. आमची ओळख उल्हास नदीच्या काठावरची. बदलापूरला अजून नदीत गळ टाकता येतो. पुढे उल्हासनगर ओलांडलं की कल्याणजवळ वालधुनी येऊन मिळते. ही वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते. मंदिर इ. स. १०६० चं, आणि काकांच्या लहानपणी तिथल्या डोहात मासे होते. आज त्या पाण्याचा रंग कुठल्या कारखान्यात काय चाललंय त्यावर ठरतो. हे सगळं पाणी ठाण्याच्या खाडीत आणि वसईच्या खाडीत जातं. म्हणून मला समुद्रावर आल्यावरही आपण घरापासून फार लांब आलोय असं वाटत नाही. शिवाय जानेवारी २०२४ मध्ये रेल्वे उरणपर्यंत पोहोचल्यापासून पहाटेची लोकल, ठाण्याला गाडी बदल, नेरूळला बदल आणि शेवटी रिक्षा, एवढ्यात काम होतं.

काकांनी मासा वर घेतला. ओला टॉवेल मी आधीच पसरून ठेवला होता. शार्कच्या शरीरात हाडं नसतात, सगळा सांगाडा कूर्चेचा. पोटातल्या अवयवांना आधार देणाऱ्या भक्कम बरगड्याही नसतात. शेपटीला धरून उलटं लटकवलं की आतलं सगळं ओघळून ताणलं जातं. धक्क्यावर लोक तसाच फोटो काढतात आणि नंतर मासा पाण्यात सोडतात. तो पोहत गेलेला दिसतो, पण पुढे जगतो का, हे कुणी बघायला जात नाही. म्हणून एक हात छातीच्या परांखाली, एक शेपटीच्या अलीकडे, आणि मासा आडवा.

बघायला मिळतो अर्धा मिनिट, फार तर पाऊण. त्यात काय बघायचं ते ठरलेलं असावं लागतं.

पाठ राखी-तपकिरी, पोट पांढरं, अंगावर एकही ठिपका नाही. पट्टीवर ३४ सेंटिमीटर. मी वरून नाकाड पाहिलं: चपटं, रुंद, कडेला पातळ होत गेलेलं, गवंड्याच्या थापीसारखं. छातीचे पर आखूड आणि रुंद. पाठीचा पहिला पर नेहमीपेक्षा बराच मागे सरकलेला, इतका की त्याचं मागचं टोक पोटाच्या परांच्या वर येतं. दुसरा पर नखाएवढा, आणि त्याच्या खाली लांबलचक गुदपर, जो त्या नखाच्या बराच आधी सुरू होतो. शेवटी अंगठ्याने तोंडाचा कोपरा उघडून पाहिला. ओठांच्या घड्या अगदी आखूड, कोपऱ्यातच संपलेल्या.

स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. जोहानेस म्यूलर आणि याकोब हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८ मध्ये हे नाव दिलं. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर बाजारात "मुशी" म्हणून जे येतं त्यात सगळ्यात जास्त हीच.

ही मुशी मी प्रथम पाहिली ती समुद्रात नव्हे, उल्हासनगरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. फॉर्मलिनच्या वासात, मेणाच्या ट्रेमध्ये, पाठीवर टाचण्यांनी ताणलेली. १९२८ मध्ये थिलैयाम्पलम यांनी स्कोलिओडॉनवर एक शोधग्रंथ लिहिला आणि त्यानंतर भारतातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी याच माशाच्या मेंदूच्या नसा सोडवल्या. मी दहावी नस तोडली नव्हती म्हणून मला चांगले गुण मिळाले. पण तो मासा कुठे राहतो, काय खातो, किती पिल्लं देतो, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. त्याची हळहळ आज वाटते, कारण सांगण्यासारखं जे होतं ते सगळं त्याच माशाच्या पोटात होतं.

या मुशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, शार्कमध्ये सगळ्यात लहान. त्यात पिल्लाला पुरेल असा बलक जवळजवळ नसतोच. म्हणून आई त्याला वारेतून पोसते, नाळेतून. माशांमध्ये इतकी प्रगत नाळ क्वचितच दिसते. पिल्लं जन्मतात तेव्हा १२ ते १५ सेंटिमीटरची, आणि छातीच्या दोन परांच्या मधोमध पोटावर बेंबी असते. आपल्याच मुंबईत १९४० च्या दशकात डॉ. सेटना आणि सारंगधर यांनी बंदरावर येणाऱ्या मुश्यांची पोटं उघडून ही वाढ टप्प्याटप्प्याने मांडली. तेव्हा ते या माशाला स्कोलिओडॉन सोराकोवा म्हणत.

बेंबीचं महत्त्व मला एका चुकीतून कळलं. चार वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मला साधारण ६० सेंटिमीटरचा मासा लागला. मोठी मुशी मिळाली म्हणून मी खूश होतो. फोटो काढला, बर्फात घातला, बदलापूरला आणला. संध्याकाळी ओट्यावर साफ करायला घेतला तेव्हा परांची काळी टोकं नीट दिसली. गुदपर मात्र पांढरा. दोन पाठीच्या परांमधून बोट फिरवलं. तिथे कातडीची उभी कड लागली असती तर तो सोरा, कारकॅरायनस सोराह. बोट सरळ गुळगुळीत गेलं. मग मासा उताणा केला आणि छातीच्या परांमध्ये बेंबीची चीर अजून उघडी दिसली. काही दिवसांचं पिल्लू होतं ते, कारकॅरायनस लिंबॅटसचं. वाढलं असतं तर अडीच मीटरपर्यंत गेलं असतं. ज्या माशाची मादी साधारण वर्षाआड मोजकीच पिल्लं देते, त्याचं एक पिल्लू मी मुशी समजून घरी आणलं होतं. त्या दिवशी कालवण झालं, सगळ्यांनी खाल्लं. मला घास गोड लागला नाही.

एका शब्दात किती मासे कोंबलेले आहेत ते तेव्हापासून दिसायला लागलं. मालवणकडे मोरी, इकडे मुशी. अंबरनाथच्या बाजारात कातडी काढून तुकडे मांडले की कुणालाही फरक सांगता येणार नाही. विकणारी मावशी लबाडी करत नसते. तिच्या दृष्टीने मांस पांढरं, काटा मऊ, आणि ताजी नसेल तर अमोनियाचा वास. शार्कच्या रक्तात युरिया असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो, म्हणून मुशी ताजीच घ्यावी. आमच्याकडे बाळंतिणीला मुशी देतात, दूध यावं म्हणून. ही समजूत इतकी जुनी आणि इतकी पसरलेली की मुशीच्या एका भावंडाचं इंग्रजी नावच दुधावरून पडलं, मिल्क शार्क. ऱ्हायझोप्रायोनोडॉन अॅक्युटस. तिच्या ओठांच्या घड्या लांब असतात, तोंडाच्या कोपऱ्यातून पुढे आलेल्या, आणि पाठीचा पहिला पर छातीच्या परांच्या मागच्या टोकांच्या वरच सुरू होतो. मुख्य फरक एवढे दोनच. वरून काढलेल्या फोटोत घडी कधीच दिसत नाही. म्हणून मी आता तीन फोटो काढतो: पूर्ण मासा कुशीवर, डोकं खालून, आणि दोन्ही पाठीचे पर गुदपरासकट. शेजारी पट्टी.

दुसऱ्या पाठीच्या परावर तेवढा काळा डाग दिसला तर कारकॅरायनस दुसुमिएरी. १८१६ नंतर पूर्वेच्या सफरींवर मासे गोळा करत हिंडलेल्या दुसुमिए या फ्रेंच व्यापाऱ्याच्या नावावरून. हातोडीसारखं डोकं असेल तर ओळखायला शिकवावं लागत नाही. फक्त त्या डोक्याच्या पुढच्या कडेला मधोमध खाच आहे का ते बघावं. खाच असलेली बहुधा स्फिर्ना लेविनी, आणि ती जगभरात अतिसंकटग्रस्त आहे. गरीचा काटा पकडीने आधीच दाबून ठेवला असेल तर ती पाण्याच्या काठावरच सुटते, धक्क्यावर आणायची गरजच पडत नाही.

लोक विचारतात, एवढा आटापिटा कशाला. मी त्यांना ससून डॉकची गोष्ट सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथे एक शार्क उतरवली गेली, २६६ सेंटिमीटरची मादी. कुणीतरी थांबून नीट पाहिलं म्हणून कळलं की ती ग्लायफिस गँजेटिकस, गंगेची शार्क आहे. जगातल्या सगळ्यात दुर्मीळ शार्कांपैकी एक, २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या शार्क-पाकटांच्या दहा जातींमधली. ती अरबी समुद्रात अजून आहे हे एका माणसाच्या निरखून बघण्यामुळे समजलं. न बघितलेल्या किती गेल्या असतील?

दुसरा प्रश्न भीतीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुणाचा पाय धरला, तेव्हापासून धक्क्यावर मुशी निघाली तरी पोरं मागे सरतात. वैतरणेतली शार्क खाडीत, गोड्या पाण्यातही शिरणाऱ्या जातीची होती, बुल शार्क. हातातली मुशी कोळंबी, खेकडे आणि लहान मासे खाते. दोघींना एकच नाव दिलं की भीतीही एकच होते, आणि कुऱ्हाड लहानीवर पडते.

टॉवेलवरची मुशी अजून कल्ले उघडमीट करत होती. पाच फटी, दोन्ही बाजूंना. मी तिच्या अंगावरून हात फिरवला, डोक्याकडून शेपटीकडे रेशीम, उलटा फिरवला तर सुताराचा सँडपेपर. नराला पोटाच्या परांच्या आत दोन बोटांसारखे अवयव असतात, इथे नव्हते. मादी. बेंबी कधीच भरून गेलेली, तिची खूणही शिल्लक नव्हती. म्हणजे वाढलेली मादी, आणि पोट दोन्ही बाजूंनी गच्च. ही जात लवकर वयात येते, पिल्लंही बरीच देते, बाजारात रोज असते. काकांनी ती टोपलीत टाकली असती तरी मी काही म्हणालो नसतो. काकी मुशीचं कालवण लसूण आणि कोकम घालून करतात, ते मी जेवलो आहे.

काकांनी पोटावर अंगठा हलकेच टेकवला, क्षणभर ठेवला.

"सोर तिला पान्यान," ते म्हणाले.

पायरीवर बसून मी तिला पाण्यात आडवी धरली. दोन-तीन मिनिटं ती नुसतीच हातात होती, मग शेपटी एकदा हलली आणि ती गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. वहीत लिहिलं: स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, मादी, ३४ सेंमी, गाभण असावी, सोडली.

दहाला पाच मिनिटं कमी असताना माझ्या रॉडला आणखी एक ओढ आली. भरती थांबली होती. मासा वर आला, कुशीवर वळला, दुसरा पाठीचा पर एकदा पाण्याबाहेर दिसला आणि गरी सुटली. मला टोक काळं वाटलं. काकांना वाटलं नाही. घडी पाहायला मिळाली नाही, बेंबीही नाही. वहीत दुसरी ओळ लिहिली: मुशी, अंदाजे ५० सेंमी, जात ठरली नाही.