कोठीतली हत्यारे – लेखांक नववा : लिहिणाराचे नाव

गेल्या आठवड्यात आपण संग्रहाचे गाठोडे सोडले, ‘कॉन्फिगर’कडून यंत्राची झडती घेवविली आणि ‘मेक’च्या आज्ञेने मूळ लिखाणाचे यंत्रभाषेत रूपांतर होत असताना पडद्यावरून धावणाऱ्या ओळी पाहत बसलो. आता उरली शेवटची आज्ञा, ‘मेक इन्स्टॉल’. हिला प्रतिष्ठापना म्हणावे असा मोह मलाही झाला होता. परंतु देवाच्या मूर्तीखेरीज अन्य कशाची प्रतिष्ठापना करण्याची आपल्याला सवय नसल्यामुळे, आणि ज्यांच्या हातून हे काम नित्य होते ते सारे लोक ‘इन्स्टॉल करणे’ असेच म्हणत असल्यामुळे, मी तो आवरला.

ही आज्ञा प्रत्यक्षात फार थोडे करते. ‘इन्स्टॉल’ नावाचेच एक हत्यार आहे. ते तयार झालेल्या फायलीची नक्कल नेमून दिलेल्या जागी ठेवते, तिची मालकी ‘रूट’च्या नावे चढवते, कोणी वाचावे, कोणी चालवावे आणि कोणी हात लावू नये याचे हक्क ठरवून देते, आणि सांगितल्यास फायलीतील नाममालेचा अनावश्यक भार छाटूनही टाकते. जागा सांगितली नाही तर ‘ग्नू’चे संग्रह ‘/यूएसआर/लोकल’ या डिरेक्टरीखाली दाखल होतात, जेणेकरून प्रणालीची स्वतःची हत्यारे ‘/यूएसआर/बिन’मध्ये जशीच्या तशी राहावीत. या व्यवस्थेत एक गोम आहे. एकदा मी ‘सॉर्ट’ची नवी आवृत्ती अशीच बसवली, कोठे काही तक्रार उमटली नाही, आणि तरीही आवृत्ती विचारली की यंत्र जुनाच आकडा सांगे. फाईल नव्या जागी आहे, शोधमार्गात ती जागा पहिली आहे, हक्क बरोबर आहेत, हे सारे तीनतीनदा तपासण्यात माझी दुपार खर्ची पडली. शेवटी उमगले ते असे, की ‘बॅश’ हा आपला दुभाषा एकदा चालवलेल्या हत्याराचा पत्ता स्मरणात ठेवतो आणि दुसऱ्या खेपेस शोध घेण्याची तसदीच घेत नाही. ‘हॅश -आर’ म्हणताच त्याने जुना पत्ता पुसला आणि नवे हत्यार हाती आले.

परंतु आजचा विषय जे दाखल होते ते नसून जे मागे राहते ते आहे. मूळ लिखाणाच्या माथ्यावर टिप्पणीच्या रूपाने लिहिणाराचे नाव असते, आणि भाषांतर करणारा कंपायलर टिप्पणी वाचतच नाही. जुन्या खरेदीखताच्या तळाशी लिहून देणाराच्या आणि साक्षीदारांच्या जोडीने दस्त लिहिणाराचेही नाव येत असे, आणि कागद कोठेही गेला तरी ते नाव त्याच्याबरोबर जात असे. येथे मात्र कागद कारखान्यातच राहतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी केवळ माल पोहोचतो.

ही गोष्ट ज्यांना सर्वाधिक जाचावी अशी मंडळी म्हणजे बर्कलीचे स्वयंसेवक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकप्रणाली संशोधन गटाने १९८९च्या जूनमध्ये, एटी अँड टी कंपनीची सनद न घेता कोणालाही वापरता यावा असा, आपल्या युनिक्स प्रणालीतला जाळ्यासंबंधीचा भाग ‘नेटवर्किंग रिलीज १’ या नावाने प्रसिद्ध केला. टेपची किंमत एक हजार डॉलर. त्याला मिळालेला प्रतिसाद पाहून कीथ बॉस्टिक यांनी बाकीची प्रणालीही अशीच मोकळी करण्याची कल्पना मांडली. माइक कॅरल्स आणि कर्क मॅकुसिक या सहकाऱ्यांनी, त्यासाठी कंपनीच्या लिखाणावर बेतलेली शेकडो हत्यारे नव्याने लिहावी लागतील, याकडे लक्ष वेधले; ती आधी लिहून झाली तर प्रणालीचा गाभा असलेले कर्नल आपण हाती घेऊ, असेही ते म्हणाले. बॉस्टिक डगमगले नाहीत. कंपनीचे मूळ लिखाण न पाहता, केवळ छापील वर्णनावरून एकेक हत्यार पुन्हा लिहून द्यावे, असे आवाहन त्यांनी संगणकाच्या जाळ्यावरून केले आणि ‘यूजनिक्स’च्या संमेलनांतून भेटेल त्याला गळ घातली. मोबदला एकच : विद्यापीठाच्या सहकाऱ्यांच्या यादीत, लिहिलेल्या हत्याराच्या नावाशेजारी, लिहिणाराचे नाव. एवढ्या बोलीवर अठरा महिन्यांत जवळजवळ सारी महत्त्वाची हत्यारे लिहून आली. मग यादी हातात घेऊन बॉस्टिक त्या दोघा सहकाऱ्यांच्या खोलीत जाऊन उभे राहिले आणि कर्नलचे काम कुठवर आले, अशी त्यांनी पृच्छा केली! १९९१च्या जूनमध्ये ‘नेटवर्किंग रिलीज २’ बाहेर पडले तेव्हा कर्नलच्या अवघ्या सहा फायली लिहावयाच्या उरल्या होत्या.

बोली पाळली गेली, याबद्दल शंका नाही. ‘एलएस’च्या लिखाणाच्या माथ्यावर मायकेल फिशबाइन, ‘कॅट’च्या माथ्यावर केव्हिन फॉल, ‘सीपी’च्या माथ्यावर डेव्हिड हिट्झ, अशी नावे आहेत, आणि हे लिखाण त्यांनी बर्कलीला दिलेल्या लिखाणावरून सिद्ध झाले आहे असा स्पष्ट निर्वाळाही आहे. पण ही सारी टिप्पणी! तिच्याच खाली काही ओळींवर विद्यापीठाने आपला स्वामित्वहक्काचा मजकूर मात्र टिप्पणीत न लिहिता एका चलात घातलेला असे, म्हणजे तो भाषांतरातून निभावून थेट यंत्रावर जाऊन बसे. त्याच्या आरंभी ‘@(#)’ अशी चार चिन्हांची खूण असे. ‘व्हॉट’ नावाचे हत्यार तयार फायलीत ही खूण हुडकून पुढील मजकूर वाचून दाखवी. गंमत अशी, की हे चल कार्यक्रमात कोणीच वापरत नसल्यामुळे, दोष काढणारा ‘लिंट’ नावाचा काटेकोर परीक्षक ते निरुपयोगी ठरवून कुरकुर करी, म्हणून ते त्याच्या नजरेआड ठेवण्याची तजवीज त्याच ठिकाणी केलेली असे. अशा रीतीने संस्थेचे नाव मालाबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी गेले आणि ज्याने फुकट राबून माल घडवला त्याचे नाव कारखान्यात राहिले. हे कोणी कपटाने केले असे मला वाटत नाही. स्वामित्वहक्काचा विचार वकील करतो, लिहिणाराच्या नावाचा विचार कोणाच्याच वाट्याला येत नाही.

विद्यापीठ मात्र आपल्या नावाबाबत दक्ष होते. परवान्यात असे कलम होते, की जो कोणी जाहिरातीत या हत्यारांचा उल्लेख करील त्याने विद्यापीठाचे ‘आणि त्याच्या सहकाऱ्यांचे’ ऋण त्याच जाहिरातीत नमूद करावे. सहकारी येथे अनामिकच. १९९२ साली एटी अँड टीच्याच युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज या कंपनीने आपले लिखाण चोरल्याची फिर्याद लावली, तेव्हा विद्यापीठाने उलट दावा लावला तोही याच मुद्द्यावर : कंपनीने बर्कलीचे लिखाण आपल्या ‘सिस्टिम फाइव्ह’मध्ये घेतले, पण कबूल केल्याप्रमाणे ऋणनिर्देश केला नाही. १९९४च्या जानेवारीत तडजोड झाली. सुमारे अठरा हजार फायलींपैकी तीन काढाव्या लागल्या. पुढे या कलमाची लागण झाली. इतर लेखकांनी परवाना उतरवून घेताना विद्यापीठाच्या जागी आपापले नाव घातले, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘नेटबीएसडी’ या प्रणालीच्या १९९७च्या आवृत्तीत मोजणी केली तेव्हा असे पंचाहत्तर ऋणनिर्देश भरले. एवढी नावे छापायची तर जाहिरातीत माल कोणता हे सांगायला जागा उरायची नाही! २२ जुलै १९९९ रोजी विद्यापीठाच्या परवाना विभागाचे संचालक विल्यम हॉस्किन्स यांनी ते कलम रद्द केले.

‘ग्नू’च्या मंडळींनी वेगळी वाट धरली. त्यांच्या ‘कोअरयूटिल्स’मध्ये स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा, परंतु लिहिणाराचे नाव कार्यक्रमाच्या पोटातच घातलेले. लिनक्सवर ‘एलएस’ला ‘व्हर्शन’ विचारा : पहिल्या ओळीत आकडा, खाली परवान्याचा मजकूर, आणि तळाशी रिचर्ड एम. स्टॉलमन व डेव्हिड मॅकेन्झी यांनी लिहिल्याचा दाखला. खुद्द ‘इन्स्टॉल’ला विचारले तर तेही मॅकेन्झी यांचे नाव सांगते. ‘सॉर्ट’ माइक हर्टेल आणि पॉल एगर्ट यांची नावे सांगते. त्या दुपारी ती माझ्यासमोर निदान दहा वेळा उमटली असतील, पण मी पहिल्या ओळीतला आकडा पाही आणि चडफडत पुन्हा तीच आज्ञा देई.