न दिसणाऱ्या पट्टीवर उतरण्याची तालीम

नांदेड-हैदराबाद हा विमानमार्ग २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच मार्गांबरोबर सुरू झाला. लातुरासही धावपट्टी आहे. नियमित विमान मात्र तेथे टिकले नाही. पावसाळ्यात एखादे विमान ढगांतून खाली येते, पट्टी दृष्टीस पडण्याच्या बेतात असते आणि एकाएकी गर्जना करून ते पुन्हा वर उठते, दुसऱ्या गावी निघून जाते. अशा वेळी आपली माणसे वैमानिकाला नावे ठेवतात. ‘इतक्या जवळ येऊन घाबरला’ असे म्हणतात. त्या वैमानिकाने नेमके काय केले आणि ते करण्यास तो कोठे शिकला, हा आजचा विषय आहे.

श्रोतेहो, आम्ही वैमानिक नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि जे काही कळते ते वाचून व विचारून कळलेले आहे. परंतु एका यंत्रावर दोघे काम करीत असता धाकट्याने थोरल्याला कधी थांबवावे, हा प्रश्न आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे, आणि या विषयाचे मर्मही तेच आहे.

मोठ्या विमानतळावर पट्टीजवळून रेडिओचे दोन मार्गदर्शक किरण सोडलेले असतात. एक डावे-उजवे सांगतो, त्यास लोकलायझर म्हणतात. दुसरा वर-खाली सांगतो, तो ग्लाइड स्लोप. दोन्ही काटे मध्यावर राखले की विमान ढगांतूनही पट्टीच्या तोंडाशी येते. हा दुसरा किरण जेथे बसविलेलाच नाही, किंवा बंद पडलेला आहे, तेथे करावयाच्या उतरणीस नॉन-प्रिसिजन अॅप्रोच म्हणतात. नावावरून ढिलाईचा भास होतो खरा. काम मात्र अधिक काटेकोर. दिशा उपकरण सांगते, पण उंची वैमानिकाने स्वतः हिशेबाने राखावयाची.

हिशेब असा. विमान साधारण तीन अंशांच्या उताराने येते. त्या उतारात दर सागरी मैलास, म्हणजे १,८५२ मीटरांस, सुमारे ३२० फूट उंची उतरते. पट्टीपासून पाच मैलांवर पट्टीच्या वर सोळाशे फुटांच्या आसपास, चार मैलांवर तेराशेच्या आसपास असावे. वेग १४० नॉट असेल तर मिनिटाला सातशेहून थोडे अधिक फूट खाली यावे लागते. वाऱ्याने मागून रेटले की हा आकडा वाढतो. एकाने विमान चालवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक मैलाला नकाशावरील उंची वाचून घड्याळाशी ताडून पाहावी, अशी वाटणी असते. त्याच नकाशावर एक किमान उंची छापलेली असते. तेथवर येऊन पट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर पुढे जावे, न दिसले तर इंजिनांना जोर देऊन वर जावे. आणखी थोडे खाली जाऊन बघू, याला तेथे जागा नाही.

पूर्वी ही उतरणी पायऱ्यापायऱ्यांनी करीत. एकदम खाली जावे, सपाट चालावे, पुन्हा खाली जावे. गोदावरीच्या घाटावर अंधारात उतरणाऱ्याला ठाऊक असते की पायरी मोजण्यात एकीची चूक झाली तरी पाय पाण्यात जातो. विमानाच्या पायरीखाली टेकडी असते. म्हणून आता बहुतेक कंपन्या शेवटचा टप्पा एकाच अखंड उताराने यावयास सांगतात. उतरते विमान वर वळवताना थोडे खचते, म्हणून कित्येक ठिकाणी किमान उंचीत पन्नास फूट मिळवूनही ठेवतात.

हे सारे शिकण्याची जागा म्हणजे सिम्युलेटर. सहा यांत्रिक पायांवर उभी केलेली ही खोली; तिच्या आत खऱ्या विमानाचा दर्शनी भाग, तीच बटणे, तेच काटे, काचेबाहेर चित्राचे आकाश. खोली हळूच मागे कलली की माणसाला वेग वाढल्याचा भास होतो. या यंत्राचा मूळ पुरुष एडविन लिंक हा अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावच्या ऑर्गन-पियानो कारखानदाराचा मुलगा. ऑर्गनला हवा पुरविणारे भाते त्याने एका लाकडी पेटीखाली लावले आणि १९२९ च्या सुमारास डोलणारे विमान तयार केले. भजनी मंडळातल्या पेटीचा भाता ज्यांनी हाताने हलवला आहे, त्यांना ही युक्ती चटकन उमगेल. १९३४ साली अमेरिकन लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम आले, खराब हवेत कित्येक जण मेले, आणि मग कोठे लष्कराने ही यंत्रे घेतली. माणसे मेल्यावर साधने येतात, हा अनुभव कारखान्यांतही नवा नाही. आपल्या शेजारी हैदराबादेत इंडियन एअरलाइन्सची प्रशिक्षण संस्था होती, तेथेही अशा खोल्या होत्या.

खोलीत मागे प्रशिक्षक बसतो. तो ढग खाली आणतो, वारा फिरवतो, किरण बंद पाडतो. वैमानिकाला वर्षातून दोनदा अशा परीक्षेस बसावे लागते. चुकले तर चित्र थांबवून पुन्हा पहिल्यापासून. कोणाचा जीव जात नाही.

परंतु तालीम एकाच चालीची झाली तर काय होते, ते गुआम बेटावर दिसले. ६ ऑगस्ट १९९७ च्या पहाटेच्या अंधारात कोरियन एअरचे बोइंग ७४७ तेथे उतरत होते. ग्लाइड स्लोप दुरुस्तीसाठी बंद आहे, हे कळविलेले होते. तरी कप्तानाचे मन त्याच्याच भोवती घुटमळत राहिले. अंतर सांगणारे डीएमई यंत्र तेथे विमानतळावर नव्हते; पट्टीच्या तीन मैलांहून अधिक अलीकडे टेकडीवर होते. या वैमानिकांची सिम्युलेटरमधली तालीम मात्र ठरावीक उतरणीवर झालेली, आणि तीत डीएमई विमानतळावरच असे. सहवैमानिक आणि उड्डाण-अभियंता यांना शंका आली. ‘वर जाऊ या’ हे शब्द उच्चारले गेले तेव्हा आघाताला काही सेकंदच उरले होते. २५४ पैकी सव्वादोनशेहून अधिक माणसे गेली. चौकशीत कप्तानाचा थकवा, अपुरे प्रशिक्षण आणि दोघा साथीदारांनी वेळेवर न हटकणे, या तिन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या.

आपल्याकडेही १९ ऑक्टोबर १९८८ च्या सकाळी मुंबईहून अहमदाबादला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धूसर हवेत लोकलायझर आणि डीएमईच्या आधाराने उतरत होते. पट्टी नीट दिसण्यापूर्वीच विमान किमान उंचीखाली गेले आणि अलीकडेच झाडांवर आदळले. १३५ जणांपैकी मोजकेच वाचले.

अशा वेळी ‘मानवी चूक’ म्हणून वही मिटणे सोपे असते. आम्हांस ते पटत नाही. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्त्रासबुर्गजवळ एअरबस ए३२० डोंगरावर आदळून ८७ माणसे मेली. एकाच खिडकीत उताराचा अंशही दिसे आणि मिनिटाचा वेगही. ३.३ अंशांचा उतार हवा असता मिनिटाला ३,३०० फुटांचा वेग लागला असावा, असा निष्कर्ष निघाला. पुढे कारखान्याने आकडे दाखविण्याची रीतच बदलली. माणसाच्या चुकीला हत्यारही जबाबदार असते, याची ही कबुलीच होय.

धाकट्याच्या तोंडालाही तालीम लागते. म्हणून आता सिम्युलेटरमध्ये सहवैमानिकाला ‘गो-अराउंड’ असे मोठ्याने म्हणावयास शिकवतात. तो शब्द निघाला की कप्तानाने वाद न घालता वर जावयाचे. वाद खाली आल्यावर. पुष्कळ कंपन्यांत वर गेल्याबद्दल शिक्षा करावयाची नाही, असा लेखी नियम असतो. तो लेखी असणे महत्त्वाचे. तोंडी आश्वासनाचे मोल कामगारांस ठाऊक आहे. आणि चौदा तास जागलेल्या माणसाला तो शब्द वेळेवर सुचत नाही, म्हणून विश्रांतीचे तास हा सुरक्षिततेचाच भाग मानला पाहिजे.

मराठवाड्यापुरती एक गंमत सांगून टाकतो. उंचीचे घड्याळ हवेच्या दाबावर चालते. मे महिन्यात नांदेडला पारा ४२ अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि घड्याळ हजार फूट दाखवीत असता विमान प्रत्यक्षात सुमारे शंभर फूट अधिक वर असते. उतार तितका उभा होतो. थंड प्रदेशात उलटे, आणि ते अधिक घातक.

‘गगन’ या भारतीय उपग्रह-व्यवस्थेने आता वर-खाली सांगणारी खूण आकाशातूनच मिळते. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगडला इंडिगोचे एटीआर विमान तिच्या आधाराने उतरले. लहान गावांच्या विमानतळांना हिचा मोठा उपयोग आहे, कारण पट्टीजवळ महाग यंत्र बसवावे लागत नाही. मात्र ती खूण घेणारे उपकरण विमानात हवे, आणि उतरणीचा नकाशाही त्या विमानतळासाठी आखलेला हवा. तोवर मैलामैलाला उंची मोजण्याचा जुना हिशेब त्या सहा पायांच्या खोलीत घोकावाच लागणार आहे.