छोटी आगगाडी : आधी मोजमाप, मग खरेदी

गेल्या पावसाळ्यात मला एका खेड्यातील शाळेच्या गुरुजींचे पत्र आले. मजकूर थोडक्यात असा होता : "आमच्या गावावरून पूर्वी बार्शी लाइनची छोटी गाडी जात असे. आता मोठी लाइन झाली. म्हाताऱ्या माणसांना ती गाडी आठवते. मुलांनी ती पाहिलेलीच नाही. शाळेत तिची चालती प्रतिकृती करावी असे मनात आहे. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आहे. पैसे थोडे आहेत, आणि ते दुसऱ्यांदा मिळणार नाहीत. तरी काय घ्यावे आणि काय घेऊ नये, ते कळवावे."

"दुसऱ्यांदा मिळणार नाहीत" हे शब्द वाचून मी जरा दचकलोच. कारण या नादात मी स्वतः पैसे बुडवलेले आहेत. एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून येताना माझ्यासाठी एक सुरेख इंजिन आणले. मी हुरळून गेलो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन रुळांचे एक मोठे खोके घेऊन आलो. रूळ मांडले, इंजिन वर ठेवले, तर ते दोन रुळांच्या मधे, खाली जाऊन बसले! घरातली मंडळी म्हणाली, "पहिल्याच दिवशी घसरली की हो तुमची गाडी!" चूक कोणाची? ना इंजिनाची, ना दुकानदाराची. मी मोजमाप न करता खरेदी केली होती. तीच चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

पहिल्याने दोन गोष्टी समजून घेऊ : प्रमाण आणि गेज. मी भूगोलाचा अध्यापक, तेव्हा उदाहरण नकाशाचेच देतो. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेले असते ना, तसेच या गाडीलाही असते. एकास सत्त्याऐंशी प्रमाण म्हणजे खऱ्या वस्तूची सत्त्याऐंशी सेंटिमीटर लांबी आपल्याकडे एक सेंटिमीटर होते. साडेपाच फूट उंचीचा माणूस या प्रमाणात दोन सेंटिमीटरही भरत नाही. गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. प्रमाण आणि गेज एकमेकांशी संबंधित आहेत, पण एक नव्हेत. पुष्कळांचा घोटाळा नेमका इथेच होतो.

पूर्वी तर प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीच्या मापाने गाड्या करी. १८९१ साली जर्मनीतील लायप्झिगच्या व्यापारी जत्रेत मेर्क्लिन या खेळण्यांच्या कंपनीने ठराविक गेजना क्रमांक देऊन माल मांडला. आज थोडे रूळ घेतले, पुढल्या वर्षी आणखी थोडे घेतले, आणि ते जुन्याला जुळले, ही सोय तेव्हापासून रुजली. आज सर्वांत जास्त चालणारे माप म्हणजे 'एचओ'. त्याचे प्रमाण १ : ८७ आणि गेज १६.५ मिलिमीटर. त्याहून लहान ते 'एन'. प्रमाण बहुधा १ : १६० आणि गेज ९ मिलिमीटर. इंग्लंडात 'ओओ' म्हणून तिसरे माप चालते. त्याचे गेज एचओचेच, पण प्रमाण १ : ७६, म्हणजे गाडी त्याच रुळांवर चालेल, पण शेजारी उभी केली तर थोडी मोठी दिसेल. माझे इंजिन एनचे होते आणि रूळ एचओचे. बाकी सांगायला नकोच.

यांतले कोणते घ्यावे? याचे उत्तर दुकानात नाही, तुमच्या खोलीत आहे. टेप घ्या आणि जागा मोजा. एचओचे अगदी लहान वळण सुमारे ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे असते. म्हणजे वर्तुळाचा व्यास ७२ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडली की फळीची रुंदी तीन फूट तरी हवीच; चार फूट असली तर बरे. एनचे वळण २० सेंटिमीटर त्रिज्येतही बसते, म्हणून त्याला दोन फूट रुंदी पुरते. आपल्या रेल्वेचा जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब असे. तो एचओत साडेचोवीस सेंटिमीटर होतो आणि एनमध्ये सव्वातेरा. साडेचोवीस सेंटिमीटरचा डबा ३६ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर घातला, तर त्याचे मधले पोट आत आणि टोके बाहेर जातात. दिसायला वाईट, आणि घसरायलाही सोपा. म्हणून जागा लहान तर गाडीही लहान, हे सूत्र धरा. चार चाकांची छोटी वाघीण आणि छोटे इंजिन लहान वळणावर जितके शोभते, तितकी लांबलचक एक्सप्रेस शोभत नाही.

इथेच गुरुजींच्या बार्शी लाइनची गोष्ट येते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली ही लाइन १८९७ साली कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज तिला जोडले गेले. तिचे गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आता आकडेमोड करा. ७६२ ला ८७ ने भागले तर उत्तर पावणेनऊच्या आसपास येते. म्हणजे एनचे ९ मिलिमीटरचे रूळ घ्यायचे, पण वरची गाडी, माणसे, स्टेशन, झाडे ही सगळी एकास सत्त्याऐंशीने करायची, की अरुंद गेजची गाडी जवळजवळ हुबेहूब उतरते! परदेशातले हौशी लोक अशीच युक्ती करतात. एनच्या इंजिनाचा खालचा चालता सांगाडा घेतात आणि वर आपल्या हाताने केलेले धड बसवतात. बार्शी लाइनचे इंजिन तयार मिळेल ही आशा धरू नका. पण पुठ्ठ्याचे, पातळ प्लायवूडचे डबे शाळेतली मुले करू शकतात. जागा दोन फूट, गाडी आपल्या गावची, आणि खर्च बेताचा.

मोठ्या गेजची गाडी करणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवतो. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ती १ : ८७ ने केली तर सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवी, आणि बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे. एवढा फरक सोसावा लागतो. डोळ्याला तो फारसा खटकत नाही.

आता माल कसा पारखावा? सर्वांत आधी रूळ. पोलादी रुळांना गंज चढतो. कोकणात तर एका पावसाळ्यात. पितळी रूळ काळवंडतात आणि तो काळा थर वीज अडवतो. जर्मन सिल्व्हरचे रूळ घ्यावेत. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा कण नसतो; तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. किंमत थोडी जास्त पडते, पण रोज घासत बसावे लागत नाही. रूळ शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. गेज एक असूनही निरनिराळ्या कंपन्यांचे जोड जुळत नाहीत, असा अनुभव येतो. पुढे आणखी तुकडे लागले तर ते मिळतील ना, हेही आधीच विचारून घ्या.

मग वीज. साध्या पद्धतीत दोन रुळांना सुमारे बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह देतात. एका रुळातून वीज चाकावाटे मोटरीत जाते आणि दुसऱ्या रुळातून परतते. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो. जोड उलटे केले की गाडी उलट जाते. मात्र घरातली २३० व्होल्टची वीज रुळांना कधीही, कोणत्याही कारणाने जोडू नका. सेटबरोबर येणारा वेगनियंत्रकच वापरावा आणि तो भिंतीत लावण्याचे काम शिक्षकांनी करावे. दुसरी पद्धत डिजिटल. तीत रुळांत वीज सतत असते आणि प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो. ज्याला हुकूम सोडावा तेवढेच चालते. दोन-तीन गाड्या एकदम चालवायच्या तर ती उत्तम, पण सुरुवातीला तिची गरज नाही. इंजिन घेताना पुढे डिजिटल करण्याची सोय त्यात आहे की नाही, तेवढे पाहून ठेवावे. मेर्क्लिनची एचओ गाडी मात्र वेगळी असते. तिला रुळांच्या मधल्या खिळ्यांतून वीज मिळते. तिची इंजिने साध्या दोन रुळांच्या मांडणीवर चालत नाहीत. जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून घेण्याआधी हे लक्षात असू द्या.

खरेदीचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा चांगले इंजिन एक. दोन स्वस्त नकोत. ते दुकानात हळू चालवून पाहा. जोरात कोणतेही इंजिन पळते. रांगते ते चांगले. मग रुळांचे एक कडे आणि वेगनियंत्रक. मग दोन वाघिणी. त्यांचे आकडे इंजिनाच्या आकड्यांत अडकतात ना, हे हाताने अडकवून पाहा. त्यानंतर एक सांधा, म्हणजे बाजूची लाइन करता येईल. एवढ्यावर सहा महिने थांबा.

घरे, झाडे, डोंगर विकत घेण्याच्या भरीस पडू नका. वाळवलेला चहाचा चोथा गोंदावर पसरला की उत्तम माती होते. भुसा हिरवा रंगवला की गवत होते. स्टेशन पुठ्ठ्याचे. फळीसाठी गावच्या सुताराकडून चार फूट बाय दोन फूट प्लायवूड खालून पट्ट्या मारून घ्या आणि दोन्ही अंगांनी रंगवा, म्हणजे ती पावसाळ्यात वाकणार नाही. चढउतार सुरुवातीला नकोच. का, ते मुलांकडूनच काढून घ्या. शंभरात तीन हा चढ आपल्या गाडीला पुरे. एका लाइनवरून दुसरी न्यायची तर साडेसात सेंटिमीटर उंची लागते. म्हणजे चढायला अडीच मीटर आणि उतरायला अडीच. चार फुटांच्या फळीवर रुळांचे आख्खे कडेच जेमतेम अडीच मीटर भरते!

शिक्षकमित्रांनो, खरा लाभ इथे आहे. अशी गणिते फळ्यावर घातली तर मुले जांभया देतात. गाडीसमोर घातली तर भांडून सोडवतात. ताशी तीस किलोमीटरची गाडी आपल्या प्रमाणात सेकंदाला सुमारे साडेनऊ सेंटिमीटर चालली पाहिजे. वीस सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाला तिला किती वेळ लागावा? तेरा सेकंद. हातात घड्याळ द्या आणि पाहू द्या. गाडी आठ सेकंदांत आली, तर बार्शीची गाडी मेल झाली म्हणायचे!

पैसे खर्च करण्यापूर्वी एकदा चालती मांडणी डोळ्यांनी पाहावी. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. शाळेची सहल पुण्याला जाणार असेल तर तासभर तिथे काढा. मात्र ते वैभव पाहून आपल्या फळीची लाज वाटून घेऊ नका. ते एका माणसाच्या आयुष्यभराच्या छंदाचे फळ आहे.

गुरुजींना मी एवढेच लिहून पाठवले. त्यांनी नऊ मिलिमीटरच्या रुळांचे एक कडे, एक इंजिन आणि एक सांधा घेतला. उरलेली वर्गणी पुढल्या वर्षासाठी ठेवली. परवा त्यांचे दुसरे पत्र आले. मुलांनी पुठ्ठ्याचे स्टेशन केले आणि गावातल्या एका वृद्ध गृहस्थांना दाखवायला बोलावले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "पोरांनो, पाण्याची टाकी चुकली. ती पलीकडच्या अंगाला होती. आणि चिंच कुठाय? गाडी येईस्तोवर आम्ही चिंचेखाली बसायचो." मुलांनी टाकी काढून पलीकडे लावली आणि चिंचेचे झाड करायला घेतले.

तुमच्या गावातही कोणाला असेच काही आठवत असेल. ते त्यांना विचारून घ्या. आणि दुकानात जाण्याआधी, मित्रहो, टेप घेऊन खोली मोजा.