गौतम राजाध्यक्ष

गौतम राजाध्यक्ष (जन्म : मुंबई, १६ सप्टेंबर १९५०, मृत्यू : मुंबई, १३ सप्टेंबर २०११) हे व्यक्तिचित्रे आणि फॅशन या क्षेत्रांतील नामवंत मराठी छायाचित्रकार, लेखक व संपादक होते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत हिंदी चित्रपटसृष्टीतील बहुतेक सर्व प्रमुख कलावंतांची छायाचित्रे त्यांनी काढली. त्या काळातील चित्रपट-नियतकालिकांची मुखपृष्ठे आणि आतील रंगीत पाने यांवर त्यांच्या शैलीची ठळक छाप आहे. 'चंदेरी' या मराठी चित्रपटविषयक नियतकालिकाचे ते संपादक होते.

== शिक्षण आणि जाहिरात क्षेत्र ==

राजाध्यक्ष यांचे शालेय व महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये झाले. रसायनशास्त्रात पदवी घेतल्यानंतर सुमारे दोन वर्षे त्यांनी त्याच महाविद्यालयात अध्यापन केले. छायाचित्रणाच्या चरित्रात रसायनशास्त्राचा उल्लेख आज काहीसा अनपेक्षित वाटेल. पण फिल्मच्या जमान्यात प्रतिमा प्रथम चांदीच्या क्षारांवर उमटत असे आणि रासायनिक द्रावणात धुतल्यावरच दिसू लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे ते नवल उरत नाही.

१९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागात रुजू झाले आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. १९८७ मध्ये नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ व्यावसायिक छायाचित्रण सुरू केले. म्हणजे स्वतंत्र व्यवसायापूर्वी त्यांची तेराएक वर्षे जाहिरातीच्या जगात गेली होती. जाहिरातीच्या चित्रात काहीही आपोआप घडू दिले जात नाही. कपड्याची चुणी, केसांची बट, मागच्या भिंतीचा रंग, सारे आधी ठरवले जाते आणि मगच कॅमेऱ्याची कळ दाबली जाते. राजाध्यक्षांच्या पुढील कामातील नेटकेपणाचे मूळ या उमेदवारीत शोधणे वावगे ठरू नये.

== चित्रपट-नियतकालिकांचे जग ==

राजाध्यक्ष या क्षेत्रात आले तेव्हा भारतात नियतकालिकांसाठी ताऱ्यांची छायाचित्रे काढण्याची परंपरा तयार झालेली होती. 'फिल्मफेअर' १९५२ मध्ये सुरू झाले. पुण्यात जन्मलेले जितेंद्र आर्य १९६० च्या सुमारास लंडनहून मुंबईत आले आणि टाइम्स समूहाच्या 'फेमिना', 'फिल्मफेअर' व 'इलस्ट्रेटेड वीकली' यांची असंख्य मुखपृष्ठे त्यांनी घडवली. १९७१ मध्ये 'स्टारडस्ट' निघाले आणि चित्रपट-पत्रकारितेचा सूरच बदलला. पडद्यावरील भूमिकेपेक्षा पडद्यामागील खासगी आयुष्याला भाव आला. 'स्टारडस्ट'च्या आरंभीच्या संपादक शोभा डे या माहेरच्या राजाध्यक्ष, गौतम यांच्या चुलत घराण्यातील.

या नियतकालिकांत मजकूर आणि छायाचित्र यांच्यात एक विसंगती असे. मजकूर अनेकदा ताऱ्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडी, तर त्याच अंकाचे मुखपृष्ठ त्यांना देवत्वाला नेऊन बसवी. बोचऱ्या मजकुरामुळे कलावंत नियतकालिकावर रुसत, मुलाखती नाकारत. अशा वेळी ज्याच्यावर त्यांचा विश्वास आहे असा छायाचित्रकार हाताशी असणे संपादकांसाठी मोलाचे असे. चेहरा विद्रूप दिसणार नाही, अवघडलेला क्षण छापला जाणार नाही, ही खात्री या व्यवसायातील खरे भांडवल होती. राजाध्यक्षांनी ती खात्री कमावली होती.

१९८० मध्ये त्यांनी शबाना आझमी, टीना मुनीम आणि जॅकी श्रॉफ यांची छायाचित्रे काढली. त्यांच्या ग्लॅमर-छायाचित्रणाची सुरुवात येथून मानली जाते. जॅकी श्रॉफ तेव्हा 'हीरो' (१९८३) या चित्रपटाने मिळालेल्या प्रसिद्धीपासून दूर होते. लिंटासमधील नोकरी चालू असतानाच हे काम वाढत गेले.

== कार्यपद्धती आणि शैली ==

आज मोबाइलवर क्षणात दिसणारे छायाचित्र त्या काळी किती आडवळणाने वाचकापर्यंत पोहोचत असे, हे समजल्याशिवाय या कामाची अवघड बाजू कळत नाही. रंगीत मुखपृष्ठासाठी छापखान्याला निगेटिव्हपेक्षा पारदर्शिका, म्हणजे स्लाइड, अधिक पसंत असे. स्लाइडवर चुकीला फार थोडी जागा असते. प्रकाश अर्धा स्टॉप जास्त पडला तरी गोऱ्या त्वचेचे बारकावे धुऊन निघतात. अर्धा स्टॉप कमी पडला तर काळे केस आणि काळी पार्श्वभूमी एकमेकांत मिसळतात. मध्यम आकाराच्या कॅमेऱ्याच्या एका रिळात ६×६ सेंमीच्या जेमतेम १२ चौकटी मिळत. फिल्म धुऊन येईपर्यंत नेमके काय उमटले आहे हे कोणालाच ठाऊक नसे. फार तर आधी एक पोलरॉइड काढून अंदाज घेता येई. त्यानंतर स्लाइडचे चार रंगांत पृथक्करण होई आणि छपाईच्या कागदावर रंग पुन्हा थोडे बदलत. नंतर दुरुस्ती करण्याची सोय मर्यादित होती आणि ती खर्चिकही होती. म्हणून सगळी दुरुस्ती आधी, प्रकाशातच करावी लागे.

राजाध्यक्षांच्या चित्रांत ही दुरुस्ती दिसते, किंबहुना ती दिसत नाही हेच तिचे यश आहे. त्यांचा ओढा मऊ, पसरलेल्या प्रकाशाकडे होता. प्रकाशाचा स्रोत लहान व दूर असेल तर नाकाची, पापण्यांची, सुरकुत्यांची सावली धारदार पडते. तोच स्रोत मोठा व जवळ असेल तर सावलीच्या कडा विरघळतात आणि चेहरा तरुण दिसतो. रंगभूषाकाराने त्वचेवर जे केलेले असते त्यावरचा शेवटचा हात असा प्रकाशच फिरवतो. भिंगाची निवडही याच हेतूने होते. जवळून रुंद कोनाच्या भिंगाने टिपलेल्या चेहऱ्यात नाक मोठे व कान मागे सरकलेले दिसतात. काही अंतरावर उभे राहून लांब भिंग वापरले की चेहऱ्याची प्रमाणे सौम्य होतात.

त्यांच्या गाजलेल्या व्यक्तिचित्रांत पार्श्वभूमी बहुधा साधी असते आणि चौकट चेहऱ्याने भरलेली असते. लक्ष जाते ते डोळ्यांकडे. बुबुळावर पडलेला प्रकाशाचा छोटा ठिपका नजरेत जीव आणतो. तो नसेल तर उत्तम रंगभूषा करूनही चेहरा मेणाचा वाटतो. माधुरी दीक्षित यांचे हास्य किंवा लता मंगेशकर यांची शांत मुद्रा जनमानसात ज्या रूपात ठसली आहे, तिच्यात राजाध्यक्षांच्या छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. लताबाईंच्या बाबतीत हे विशेष म्हणावे लागेल. त्यांचा आवाज घरोघरी पोहोचला होता, पण त्या पडद्यावर दिसत नसत. त्यामुळे त्यांची प्रतिमा अभिनेत्रींहून अधिक प्रमाणात स्थिरचित्रांतूनच घडली.

या शैलीवर आक्षेपही घेता येतो. सगळेच चेहरे सुंदर दिसत असतील तर त्यांतला माणूस कुठे आहे? त्याच पिढीतील जगदीश माळी यांच्या काही चित्रांत अधिक नाट्य आणि धीटपणा आढळतो. वृत्त-छायाचित्रकार तर नकळत पकडलेल्या क्षणालाच सत्य मानतात. राजाध्यक्षांची वाट वेगळी होती. समोरच्या व्यक्तीच्या संमतीने, तिला स्वतःला जसे दिसायला आवडेल त्याच्या जवळ जाणारे चित्र ते घडवीत. त्यांच्या चित्रांतून ताऱ्यांच्या दुःखाचा फारसा पत्ता लागत नाही. त्या काळाने सौंदर्य कशाला मानले याचा मात्र तो विश्वसनीय दस्तऐवज आहे.

== लेखन ==

भारतीय ग्लॅमर-छायाचित्रकारांत राजाध्यक्षांचे वेगळेपण त्यांच्या लेखणीत आहे. मराठी व इंग्रजी वृत्तपत्रांतून व नियतकालिकांतून त्यांनी विपुल लेखन केले. ज्यांची छायाचित्रे घेतली त्यांच्याविषयी लिहिताना ते छायाचित्रणाच्या तासांत झालेल्या गप्पा, कलावंताच्या लकबी आणि वातावरण यांचा उपयोग करीत. प्रकाश लावला जात असताना, रंगभूषा होत असताना तारा आणि छायाचित्रकार यांना मोकळा वेळ मिळतो; मुलाखतकाराच्या वाट्याला तो क्वचितच येतो.

चित्रपटकथांच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता. राहुल रवैल यांनी दिग्दर्शित केलेला 'बेखुदी' (१९९२) हा काजोल यांचा पहिला चित्रपट; त्यानंतरचा 'अंजाम' (१९९४) हा माधुरी दीक्षित व शाहरुख खान यांचा चित्रपट. या दोहोंशी लेखक म्हणून राजाध्यक्षांचे नाव जोडलेले आहे.

== 'फेसेस' आणि 'चेहरे' ==

१९९७ मध्ये 'फेसेस' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात ४५ चित्रपट-कलावंतांची छायाचित्रे व शब्दचित्रे आहेत. आरंभ दुर्गा खोटे यांच्यापासून आणि शेवट ऐश्वर्या राय यांच्यापाशी. दुर्गाबाई 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटाच्या नायिका. ऐश्वर्या राय यांनी १९९७ मध्येच रुपेरी पडद्यावर पदार्पण केले. म्हणजे बोलपटाची पासष्ट वर्षे एकाच छायाचित्रकाराच्या नजरेतून एका ग्रंथात आली. दुर्गाबाई १९९१ मध्ये निवर्तल्या होत्या, हे लक्षात घेता या संग्रहाला लाभलेले दस्तऐवजी मोल सहज कळते. 'चेहरे' या नावाने त्यांचे मराठी पुस्तकही आहे. त्यांच्या छायाचित्रांची प्रदर्शने महाराष्ट्रात व परदेशांत भरली.

नियतकालिकांतील छायाचित्रांना असा ग्रंथ मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे. मुखपृष्ठ पंधरा दिवस किंवा महिनाभर विक्रेत्याच्या दुकानात टांगलेले असते; नंतर अंक रद्दीत जातो. छायाचित्रकाराचे नाव बारीक अक्षरांत पानाच्या कडेला छापले जाते आणि पुढे वापरणाऱ्यांकडून सर्वांत आधी तेच गळते. शिवाय १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले असेल तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो, काढणाऱ्याचा नाही. ताऱ्यांची जुनी छायाचित्रे आज निनावी फिरताना दिसतात त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

== अखेरचा काळ ==

शतक पालटताना व्यवसायाचे स्वरूप बदलू लागले. डिजिटल कॅमेरा आला, संगणकावर त्वचा गुळगुळीत करणे सोपे झाले आणि स्लाइडची शिस्त अनावश्यक ठरली. दूरचित्रवाहिन्या व इंटरनेटमुळे ताऱ्यांचे दर्शन रोजचे झाले. मुखपृष्ठासाठी महिनाभर वाट पाहण्याचे कारण उरले नाही. डब्बू रतनानी, अविनाश गोवारीकर यांसारखे छायाचित्रकार या नव्या परिस्थितीत पुढे आले.

१३ सप्टेंबर २०११ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने राजाध्यक्ष यांचे निधन झाले. एकसष्टाव्या वाढदिवसाला तेव्हा तीन दिवस उरले होते. ते अविवाहित होते.