पाण्याखालचा श्वास – लेखांक ६ : एकट्याची बुडी

मागील लेखांकात दाबाचे नियम आणि श्वासाच्या हवेचा खर्च यांचा विचार झाला. त्याच गणिताच्या आधारे जोडीदाराविना उतरणाऱ्या पाणबुड्याची जोखीम आता तपासायची आहे. स्कूबा, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधील दाबाखालची हवा घेत पाण्याखाली वावरण्याची पद्धत, शिकवताना सुरुवातीपासून जोडीचा आग्रह धरला जातो, कारण एकाची हवा संपली तर दुसरा आपली हवा देऊ शकतो आणि एकाला न जाणवलेली चूक, थकवा किंवा गुंगी दुसऱ्याच्या लक्षात येते. यांतील पहिल्या कामाला उपकरणांचा पर्याय आहे, दुसऱ्याला नाही. एकट्याच्या बुडीचे स्वतंत्र प्रशिक्षण देणाऱ्या प्रमुख आंतरराष्ट्रीय संस्था किमान १०० नोंदवलेल्या बुड्यांची अट घालतात, ती या दुसऱ्या उणिवेमुळे रास्त ठरते.

हवेचा पर्याय म्हणजे मुख्य सिलिंडरशी न जोडलेला, स्वतंत्र रेग्युलेटर असलेला लहान सिलिंडर. त्याला पोनी म्हणतात, आणि रेग्युलेटर म्हणजे दाब उतरवून श्वासापुरती हवा सोडणारी झडप. पोनी केवढा असावा हे अंदाजाने ठरवू नये. २० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या सुमारे तिप्पट असतो, म्हणून घाबरलेल्या माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला ४० लिटर हवा लागत असेल, तर तेथे १२० लिटर लागते. अडचण सावरण्यास एक मिनिट, मिनिटाला ९ मीटर या गतीने वर येणे आणि ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, एवढा हिशेब धरला तरी खर्च सुमारे ४८० लिटरांवर जातो. २०० बारपर्यंत भरलेल्या ३ लिटरच्या पोनीत ६०० लिटर हवा मावते, तेव्हा तो येथे पुरतो, परंतु ३० मीटरवरून निघायचे असेल तर तोच पोनी अपुरा पडतो.

ही आकडेमोड स्वच्छ पाण्यातली झाली. सांगलीजवळच्या कृष्णेचे पाणी पावसाळ्यात इतके गढूळ असते की हातभर अंतरावरचे दिसत नाही, आणि अशा पाण्यात दोघे उतरले तरी परस्परांना ते नसल्यासारखेच असतात. म्हणून शोधकार्यातील पथके जगभर निराळी पद्धत वापरतात: पाण्यात एकच पाणबुड्या, त्याला बांधलेला दोर काठावरच्या सहकाऱ्याच्या हाती, आणि शेजारी सर्व साधनांनिशी सज्ज असा राखीव पाणबुड्या. दोराच्या हिसक्यांचे अर्थ पथकागणिक बदलतात, त्यामुळे ते उतरण्यापूर्वी पक्के करावे लागतात. दोर बुडालेल्या झाडोऱ्यात किंवा मासेमारीच्या जाळ्यात अडकतोच, त्यामुळे कोणत्याही एका हाताने काढता येतील अशी कापण्याची दोन साधने अंगावर असणे अत्यावश्यक आहे. पाण्याखाली एकटे असणे आणि सर्वस्वी एकटे असणे यांतील अंतर या दोराने राखले जाते. पुराची गोष्ट वेगळी. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर पोहोचले होते. तशा प्रवाहात बुडीचा विचार सोडून देणे हेच जोखमीचे व्यवस्थापन होय.

विहिरीत पडलेली मोटार शोधण्यासाठी श्वास रोखून उतरणारा पट्टीचा पोहणाराही एकटाच असतो. उतरण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतल्याने शरीरातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वासाची ओढ प्रामुख्याने त्याच वायूमुळे निर्माण होत असल्याने प्राणवायू संपत आल्याची सूचनाच मिळत नाही; वर येताना दाब घटला की शुद्ध हरपते. शुद्ध हरपलेल्याला कोणतेही उपकरण वाचवत नाही. कमरेचा दोर आणि काठावरचा माणूसच तेथे उपयोगी पडतो.

सातारा-सांगलीच्या पाणबुड्याला उंचीचाही हिशेब चुकवता येत नाही. दाबाखाली रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन दाब एकाएकी उतरल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो व सांधेदुखी, बधिरता, क्वचित पक्षाघात घडवतो. कोयनेचा शिवसागर जलाशय पूर्ण भरला असता त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटरवर असतो. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या ९२ टक्क्यांच्या आसपास असल्याने २० मीटरची बुडी, खोलीनुसार सुरक्षित वेळ सांगणाऱ्या कोष्टकात, जवळपास २२ मीटरची धरावी लागते. याहून अधिक दुर्लक्षित राहतो तो परतीचा घाट. मालवण-तारकर्लीला सकाळी बुडी मारून संध्याकाळी आंबोलीमार्गे निघालेला माणूस काही तासांत ७०० मीटरच्या आसपास चढतो. सांगली सुमारे ५५० मीटरवर असली तरी वाटेतला घाट टळत नाही, आणि सातारा स्वतःच ७४० मीटरच्या घरात आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने विमानप्रवासासाठी, ६१० मीटर व त्यावरील उंचीइतक्या दाबाकरिता, एका साध्या बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबण्याची शिफारस केली आहे. तीच घाटालाही लावणे शहाणपणाचे आहे, म्हणजे मालवणात एक मुक्काम आलाच. एकट्याने प्रवास करणारा बोटांची बधिरता गाडी चालवल्याच्या शिणावर ढकलतो आणि त्याला खोडून काढणारे कोणी शेजारी नसते, वास्तविक अशा वेळी प्राणवायू देऊन पुनर्दाबकक्षाची, म्हणजे दाब पुन्हा वाढवून उपचार करण्याच्या कक्षाची, तातडीने गरज असते; नौदलाच्या कुलाब्यातील अश्विनी रुग्णालयात तशी सोय आहे. म्हणून बुडीची जागा, खोली, बाहेर येण्याची वेळ आणि आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ज्या माणसाकडे ठेवायचा, त्यानेच दुसऱ्या दिवशीही प्रकृतीची चौकशी करावी, असे आधीच ठरवून घ्यावे.