डेट्रॉइटच्या शाळांचा प्रमुख कोणी निवडायचा?

२०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर कित्येक वर्षं प्रशासक होते. त्या काळात वस्तीतले पालक मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे : "मॅडम, नगरसेवकच नाही, तर शाळेच्या गळक्या वर्गाची तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?" अर्ज दिला की "वरून आदेश यायचाय" हे उत्तर ठरलेलं. हे 'वर' म्हणजे नेमकं कोण, ते कुणीच सांगत नसे.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या पालकांनी हाच प्रश्न अनेक वर्षं विचारला. तिथली गोष्ट आपल्या तरुणांनी समजून घ्यावी असं मला वाटतं. कृष्णवर्णीयांच्या लढ्याबद्दल आपण बोलतो तेव्हा मोर्चे, पोलीस आणि मोठे नेते डोळ्यांसमोर येतात. शाळेचा कारभार कुणाच्या हातात असावा यासाठी झालेली लांब, कंटाळवाणी, कागदपत्रांची लढाई मात्र आपल्यापर्यंत फारशी पोहोचत नाही.

आधी रचना पाहू. अमेरिकेत सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी 'स्कूल डिस्ट्रिक्ट' चालवतं. त्याचं बोर्ड सहसा मतदार थेट निवडतात. हे बोर्ड एक सुपरिटेंडेंट नेमतं. आपल्याकडच्या शिक्षणाधिकाऱ्यासारखं हे पद आहे, पण दोन मोठे फरक आहेत. सुपरिटेंडेंट बदली होऊन येत नाही, त्याच्याशी करार होतो. आणि त्याला नेमणारे किंवा काढणारे लोक मतदारांनी निवडलेले असतात. पैसा, मुख्याध्यापक, अभ्यासक्रम आणि इमारती या सगळ्यावर त्याचा हात असतो. मोठ्या शहरांत मात्र ही माणसं साधारण तीन-चार वर्षांतच जातात, आणि प्रत्येक नवा माणूस आपली नवी योजना घेऊन येतो.

डेट्रॉइटच्या शाळा खचल्या कशा? १९५४ च्या ब्राऊन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, हे अनेकांना माहीत असतं. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७४ मध्ये, मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली हा निकाल आला, तो कमी जणांना माहीत असतो. गोरी कुटुंबं डेट्रॉइट सोडून उपनगरांत जात होती. शहर आणि उपनगरं मिळून मुलांचं एकत्रीकरण करावं, असा खालच्या न्यायालयाचा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. उपनगरांच्या डिस्ट्रिक्टांचा दोष सिद्ध झालेला नसताना त्यांना यात ओढता येणार नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. ब्राऊन खटला लढवणारे थर्गुड मार्शल तोवर न्यायमूर्ती झाले होते. त्यांनी विरोधात मत दिलं. शहराची सीमा वर्णाची सीमा बनली ती अशी, कायद्याच्या शिक्क्यासह.

पुढे मिशिगन राज्यात पैसा विद्यार्थ्यामागे जाऊ लागला. मूल चार्टर शाळेत किंवा उपनगरात गेलं की त्याचा निधीही जातो. पण छप्पर, बॉयलर आणि पाण्याचे नळ तेवढेच राहतात. २००० च्या सुमारास डेट्रॉइटच्या शाळांत दीड लाखाहून जास्त मुलं होती. २०१६ पर्यंत ती पन्नास हजारांच्या आत आली.

या घसरणीवर राज्याने काढलेला उपाय म्हणजे लोकांनी निवडलेलं बोर्ड बाजूला सारणं. १९९९ मध्ये ते पहिल्यांदा घडलं, आणि तेव्हा डिस्ट्रिक्टच्या खात्यात शिल्लक होती. काही वर्षांनी बोर्ड लोकांकडे परत आलं तेव्हा तूट होती. २००९ मध्ये गव्हर्नरने पुन्हा आपला माणूस बसवला. तिथले लोक त्याला 'इमर्जन्सी मॅनेजर' म्हणत, आपल्या भाषेत प्रशासक. एकामागून एक चार आले. चौथे डार्नेल अर्ली. ते आधी फ्लिंट शहराचे मॅनेजर होते. त्यांच्याच काळात, २०१४ मध्ये, फ्लिंटला नदीचं पाणी सुरू झालं आणि पुढे घराघरांत शिसं मिसळलेलं पाणी पोहोचलं. दरम्यान २०१२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी मॅनेजर नेमण्याचा कायदा मतदानाने फेटाळला होता. विधिमंडळाने पुढच्याच महिन्यात जवळपास तसाच दुसरा कायदा केला, आणि या वेळी त्यावर जनमत घेता येऊ नये अशी तजवीज ठेवली. समाजशास्त्राच्या वर्गात आपण 'संस्थात्मक वर्णभेद' ही संज्ञा शिकतो. ती कुणाला समजावायची असेल तर मी हे एक उदाहरण देते.

जानेवारी २०१६ मध्ये शिक्षकांनी एकत्र आजारपणाची रजा टाकली आणि एका दिवशी ऐंशीहून अधिक शाळा बंद राहिल्या. भिंतींवरची बुरशी आणि वर्गात मेलेले उंदीर यांचे फोटो देशभर गेले. त्या उन्हाळ्यात राज्याने ६१.७ कोटी डॉलरचं पॅकेज दिलं. जुनं डिस्ट्रिक्ट फक्त कर्ज फेडण्यापुरतं उरलं आणि शाळांसाठी नवं डिस्ट्रिक्ट बनवलं गेलं. नोव्हेंबरमध्ये बोर्डाच्या सात जागांसाठी साठहून अधिक लोक उभे राहिले. इतकी वर्षं ज्यांना मत नव्हतं, त्यांच्यातून एवढे उमेदवार निघाले!

या बोर्डाचं पहिलं मोठं काम म्हणजे सुपरिटेंडेंट निवडणं. त्या वेळी हंगामी पदावर अॅलिशिया मेरीवेदर होत्या. डेट्रॉइटच्याच शाळांत शिकलेल्या आणि तिथेच वर्षानुवर्षं शिकवलेल्या. अनेक शिक्षक-पालकांना त्याच हव्या होत्या. पण अंतिम यादीत त्यांचं नावच आलं नाही. लोक बोर्डाच्या सभेत येऊन संतापले. शेवटी दोन उमेदवार उरले : शेजारच्या लहानशा रिव्हर रूज डिस्ट्रिक्टचे डेरिक कोलमन आणि फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचे निकोलाई विटी. एप्रिल २०१७ मध्ये बोर्डाने विटींना निवडलं.

विटी गोरे, आणि डेट्रॉइटच्या शाळांतली पाचातली साधारण चार मुलं कृष्णवर्णीय. साहजिकच चर्चा झाली. मला तो आक्षेप समजतो, पण तोच शेवटचा शब्द वाटत नाही. चारही मॅनेजर कृष्णवर्णीय होते, पण मुलांच्या पालकांना जबाबदार नव्हते. आपल्या वस्तीलाही 'आपला' अधिकारी आल्याचा आनंद आणि त्यानंतरची निराशा दोन्ही ठाऊक आहेत. बोर्डाचं चुकलं ते दुसरीकडे. मेरीवेदर यांची मुलाखत इतरांसारखीच लोकांसमोर व्हायला हवी होती. नंतर नाकारल्या असत्या, तरी का नाकारल्या ते लोकांनी ऐकलं असतं. विटींनी पुढे त्यांनाच उपप्रमुख म्हणून घेतलं, हे मला शहाणपणाचं वाटतं.

एका माणसाने किती बदलतं? तपासणीत अभ्यासक्रम राज्याच्या निकषांना धरून नाही असं दिसलं, म्हणजे मुलांना जे शिकवलं जात होतं त्यावर परीक्षा नव्हतीच. तो बदलला. २०१८ मध्ये चाचण्यांत १६ शाळांच्या पाण्यात तांबं किंवा शिसं जास्त आढळलं, तेव्हा विटींनी सगळ्याच शाळांचे पिण्याचे नळ बंद केले. पण त्याच वर्षी इमारतींची पाहणी झाली आणि दुरुस्तीचा अंदाज निघाला ५० कोटी डॉलर. इतर डिस्ट्रिक्ट यासाठी स्थानिक कर लावून कर्जरोखे काढतात. डेट्रॉइटला ते करता येईना, कारण तो कर जुनं कर्ज फेडण्यात जात होता. त्या कर्जाचा मोठा भाग वाढला होता राज्याच्या ताब्यातल्या वर्षांत. अखेर कोविडच्या केंद्रीय मदतीतून ७० कोटी डॉलरचा आराखडा २०२२ मध्ये झाला, म्हणजे महासाथ आली म्हणून छपरं दुरुस्त झाली. वाचनासाठीचे ९.४४ कोटी डॉलर तर मुलांनीच मिळवले. २०१६ मध्ये सात विद्यार्थ्यांनी वाचता येण्याच्या हक्कासाठी राज्यावर खटला भरला होता. २०२० मध्ये समझोता झाला आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने रक्कम मंजूर केली.

राष्ट्रीय चाचणीत डेट्रॉइटची मुलं २०२२ मध्येही मोठ्या शहरांत तळाशीच होती, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी बोर्डाने विटींची मुदत वाढवली. हा निर्णय पटला नाही तर पालक सभेत माइकसमोर उभे राहतात आणि पुढच्या निवडणुकीत त्या सात जणांपैकी कुणाला घरी बसवायचं ते ठरवतात.

आपल्याकडे शिक्षणाधिकारी निवडायला असं बोर्ड नाही. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित आणि सरकारी शाळांत व्यवस्थापन समिती आहे, आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत. मागच्या महिन्यात मी एका वस्तीत विचारलं, आपल्या शाळेच्या समितीवर कोण आहे? एका आईने हात वर केला. तिचं नाव समितीत होतं, सहीही होती. सभा कधी झाली ते मात्र तिला आठवत नव्हतं. पुढच्या सभेची लेखी सूचना मागणारा अर्ज आम्ही तिथेच बसून लिहिला.